दुष्काळात काम मागता येतं, मग साथीत घरी बसायची मजुरी का मागता येत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय. जागेसाठी कापावं लागलं तर कापा, पण तुळजापूरचं आणि बहात्तर सालचं तेवढं राहू द्या ही विनंती.

सध्या आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात जिथं जावं तिथं नेमणूकपत्राचं बोलणं चाललंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चार लेबर कोड, म्हणजे कामगार कायद्यांच्या संहिता, लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले आणि आता प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र द्यायचं असं त्यात आहे. परवा अशोक चौकात चहाच्या गाड्यावर दोन यंत्रमाग कामगारांची यावरनं चांगलीच जुंपली, एक म्हणे कागदानं काय पोट भरतंय का, दुसरा म्हणे अरे कागद नव्हता म्हणूनच तर लॉकडाऊनमध्ये आपले हाल झाले. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. का, ते सांगायलाच हे पत्र लिहितोय.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात १९ वर्षं मस्टर (हजेरीपत्रक) आणि पगाराचं काम बघितलं. आता तिथं नाही. कारखान्याचं नाव लिहीत नाही कारण हे एकट्या त्या मालकाचं नाहीच. दोन पाळ्या मिळून आमच्याकडं ३४ माणसं होती, माग चालवणारे, कांडी भरणाऱ्या बायका, माग दुरुस्त करणारा जॉबर, शिलाईवाल्या, घडी घालून पॅकिंग करणारे. मस्टरवर नावं किती, तर ९. नऊच का हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा, पॉवर असेल आणि १० माणसं झाली की जुना फॅक्टरी अ‍ॅक्ट लागायचा, १० झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागतो, २० झाली की पीएफ लागतो आणि ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर अर्धी मजुरी द्यावी लागते ती ५० माणसं झाल्यावर. म्हणून मस्टर नवावर थांबायचं. बाकीच्या २५ जणांचा हिशोब एका लाल कापडी बांधणीच्या वहीत, तीही मीच लिहायचो. म्हणजे एकाच टेबलावर दोन वह्या, एक इन्स्पेक्टरला दाखवायची आणि एक शनिवारी पगार वाटायची, आणि दोन्हीतलं अक्षर माझंच.

२१ मार्च २०२० ला शनिवार होता, पगार वाटला. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू, सोमवारपासून सगळंच बंद. पाच नंबरच्या मागावर एक गुलाबी टॉवेल अर्धा विणून तसाच राहिला होता, जूनमध्ये शटर उघडलं तेव्हा विणलेल्या भागावर धुळीचा थर बसून रंग उडालेला आणि धोटा अजून तिथंच. मधल्या दोन-अडीच महिन्यांत दर शनिवारी दुपारी मला फोन यायचे, आठवड्याचा पगार निघतोय का म्हणून. पहिल्या शनिवारी १०-१२ फोन आले, महिन्याभरानं दोन-तीन, नंतर कुणी विचारायचंच बंद झालं. ते बंद झालं तेव्हा जास्त वाईट वाटलं.

आता कायदा काय म्हणत होता ते बघा. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृह खात्यानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला होता की कारखाना असो की दुकान, बंदच्या काळातली मजुरी काहीही न कापता ठरलेल्या दिवशी द्यायची आणि घरमालकांनी कामगारांकडं महिनाभर भाडं मागायचं नाही. वाचून मला बरं वाटलं होतं, मोबाईलवर फॉरवर्ड पण केला. आमच्या मालकानं मस्टरवरच्या नऊ जणांना काही आठवडे अर्धा पगार दिला. उरलेल्या पंचवीस जणांना हजार-दोन हजार दिले, पण उचल म्हणून, आणि माग सुरू झाल्यावर दर शनिवारी त्यातनं कापून घेतले. ज्या पैशातनं काही कापायचं नाही असा दिल्लीचा आदेश होता तो पैसा मी माझ्या हातानं कापलाय, आणि त्यातल्या एकालाही तक्रार करता आली नाही कारण लेबर ऑफिसात जाऊन मी इथं कामाला होतो हे दाखवायला त्याच्याजवळ काय होतं? काहीच नव्हतं. लाल वही माझ्या कपाटात.

मालक वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याचा माल गोडाऊनमध्ये पडलेला, एक्स्पोर्टची ऑर्डर अडकलेली, बँकेचं कर्ज अंगावर. आपल्या सोलापुरात आठ-दहा मागाचे कितीतरी मालक असे आहेत की ज्यांचे बाप स्वतः माग चालवायचे, दोन महिने ३४ माणसांना घरी बसवून पगार देण्याची त्यांची ऐपत नसते हे मला त्यांच्याच वह्या लिहून माहीत आहे. म्हणूनच नुसता आदेश काढून भागत नाही, पैसा कुठनं येणार हेही ठरलेलं पाहिजे. तसं काहीच ठरलेलं नव्हतं म्हणून मालकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, १८ मे पासून तो आदेश मागं घेतला गेला आणि १२ जूनला कोर्टानं सांगितलं की मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, मालक आणि कामगारांनी आपसात बसून तोडगा काढावा. आपसात बसा हे ठीक आहे हो, पण ज्याचं नाव मस्टरवरच नाही तो कुणासमोर बसणार आणि काय म्हणून बसणार? पुढं जुलैत आपल्या शहरात १६ तारखेपासून परत दहा दिवस कडक लॉकडाऊन झाला, तेव्हा तर मजुरी द्या म्हणणारा तो केंद्राचा आदेशही नव्हता.

साथीसाठी म्हणून आपल्याकडं जो खास कायदा आहे तो १८९७ चा. प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला, मोजून चार कलमांचा. सरकार काय काय करू शकतं, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि अधिकाऱ्यांवर खटला नाही, झाला कायदा. ज्याचं काम सरकारनं थांबवलं त्यानं खायचं काय, यावर एक ओळ नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती केली ती डॉक्टर, नर्स, आशाताई यांच्यावर हात उचलणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत आणि जबर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा करायची, आणि ती केली ते बरंच केलं. म्हणजे मनावर घेतलं तर सव्वाशे वर्षांचा कायदासुद्धा चार दिवसांत बदलतो.

आता तुळजापूरचं. आपल्यापासून पंचेचाळीस किलोमीटरवरचं हे प्रकरण सोलापुरातल्या फार कमी लोकांना माहीत आहे. लॉकडाऊनमध्ये आई तुळजाभवानीचं मंदिर बंद झालं आणि तिथल्या कंत्राटी कामगारांना कामावर घेणं थांबलं, पगाराचा प्रश्न उभा राहिला. त्यांची संघटना हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. १२ मे २०२० ला कोर्टानं सांगितलं की काम नाही तर दाम नाही हे तत्त्व अशा काळात लावता येणार नाही, ही माणसं काम करायला तयार होती, साथीमुळं त्यांना काम देता आलं नाही. प्रवासभत्ता आणि जेवणाचा भत्ता वगळून मार्च, एप्रिल, मे चा पगार द्या असा हुकूम झाला. मी तो निकाल दोनदा वाचला, इंग्रजी अडलं तिथं पुतण्याला विचारलं. ते कामगार काही कायम नोकरीतले नव्हते, कंत्राटीच होते. पण ते कामाला आहेत हे कुणी नाकारू शकत नव्हतं आणि त्यांच्यामागं संघटना होती. आमच्या लाल वहीतल्या पंचवीस जणांजवळ या दोन्हीतलं काही नव्हतं.

अजून एक गोष्ट लोक विसरले. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं 'ब्रेक द चेन'चे आदेश काढले, त्यात कारखान्यांसाठी लिहिलं होतं की कामगार पॉझिटिव्ह आला तर त्याच्या जवळच्या संपर्कातल्यांना पगारी क्वारंटाईन करायचं, आणि पॉझिटिव्ह आला म्हणून कुणाला कामावरनं काढायचं नाही, त्याला आजारपणाची रजा आणि मजुरी द्यायची. किती चांगली वाक्यं आहेत ही! आमच्या गेटवर 'मास्क नाही तर प्रवेश नाही' चा बोर्ड लागला होता, पगारी क्वारंटाईनचं वाक्य मात्र कुठल्या गेटवर लागलेलं मी बघितलं नाही. त्यामुळं व्हायचं ते झालं. आमच्या जॉबरला ताप आला, त्यानं चार दिवस कुणाला सांगितलं नाही, क्रोसिन खाऊन पाळी मारत राहिला कारण घरी बसला तर चार दिवसांची मजुरी जाणार. पाचव्या दिवशी मागाजवळच बसला. पुढं बारा दिवसांनी गेला, ५१ वर्षांचा होता. त्याच्याबरोबरच्या पाळीतले तिघं नंतर आजारी पडले. घरी बसायची मजुरी मिळणार असती तर तो पहिल्याच दिवशी घरी बसला असता, एवढं मी खात्रीनं सांगतो, मी त्याला पंधरा वर्षं ओळखत होतो. कामगाराचं रक्षण म्हणजे फक्त कामगारावर उपकार नाहीत, तापलेला माणूस कामावर येणं थांबवायचं असेल तर दुसरा उपायच नाही.

त्याच्या बायकोला नंतर ५० हजार मिळाले, सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालानंतर आपत्ती निधीतनं कोरोनामृतांच्या वारसांना जे मिळाले तेच. फॉर्म मीच भरून दिला. पण कामाच्या नात्यानं काही मिळालं नाही. नुकसानभरपाईचा जो कायदा तेव्हा होता, १९२३ चा, त्यात संसर्गजन्य आजार हा कामातनं झालेला आजार धरलेला होता पण तो दवाखाना, लॅब अशा धोक्याच्या कामांपुरता. एका शेडमध्ये खिडक्या बंद ठेवून, सूत तुटू नये म्हणून दमट हवेत वीस-वीस माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, ते काम त्यात बसत नव्हतं. तो ईएसआयमध्ये असता तर कोरोनानं गेलेल्यांच्या कुटुंबांना जी पेन्शन सुरू झाली ती तरी बघता आली असती. तो मस्टरवर नव्हता, नवात बसला नाही.

मग नवीन कोडमध्ये तरी काय आहे? मी ते मुद्दाम बघितलं. महामारी हा शब्द त्यात आलाय, पण कुणासाठी ते ऐका. सामाजिक सुरक्षेच्या कोडमध्ये आहे की महामारी किंवा राष्ट्रीय आपत्ती आली तर पीएफ-ईएसआयची वर्गणी सरकार तीन महिन्यांपर्यंत पुढं ढकलू शकतं किंवा कमी करू शकतं. सुरक्षा आणि कामाच्या परिस्थितीच्या कोडमध्ये आहे की महामारीत सरकार एखाद्या कामाच्या जागेला नियमांमधनं एक वर्षापर्यंत सूट देऊ शकतं. हे का खटकतंय तर २०२० मध्ये गुजरात सरकारनं असंच केलं होतं, बारा-बारा तासांची पाळी आणि ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे नाहीत. १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, सांगितलं की साथ म्हणजे फॅक्टरी कायद्यातली देशाच्या सुरक्षेची 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे, कामगारांचा ओव्हरटाइम द्या. आणि नवीन कोडमध्ये सूट देण्याच्या कलमात महामारी हा शब्दच घालून ठेवला. म्हणजे पुढच्या वेळी कोर्टात हे म्हणता येणार नाही. शिवाय पॉवरवर चालणारा कारखाना आता १० नाही तर २० कामगारांवर धरतात, त्यामुळं फॅक्टरीच्या कायद्यापुरतं तरी आमचं नवावर थांबणारं मस्टर आता एकोणीसवर थांबेल.

आता बहात्तर साल. आमचं मूळ गाव सांगोल्याकडचं. १९७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो, आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळायची ती निम्मी पदराला बांधून माझ्यासाठी आणायची, त्या सुकडीला आईच्या घामाचा आणि दगडाच्या भुकटीचा वास असायचा. संध्याकाळी मुकादम हजेरीपत्रकावरनं नावं पुकारायचा आणि आई सांगायची की आपलं नाव ऐकलं की जीव भांड्यात पडायचा. त्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानं काय केलं तर रोजगार हमीचा कायदा केला, १९७७ चा. देशाचा तसा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं, म्हणजे आपण २८ वर्षं पुढं होतो. गावातला कुणीही माणूस काम मागू शकतो, पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता, आणि त्याला पैसा हवा म्हणून शहरातल्या नोकरदारांकडनं व्यवसाय कर. दुष्काळ पडल्यावर आदेश काढू, बघू, असं नाही ठेवलं, पुढचा दुष्काळ यायच्या आधी हक्क म्हणून लिहून ठेवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की साथीचंही तसंच करा. दुष्काळात माणसाला काम द्यावं लागतं, साथीत त्याला घरी बसवावं लागतं. मग सरकारनं साथीसाठी काम बंद करायला लावलं तर त्या दिवसांची मजुरी, निदान किमान वेतनाच्या अर्धी, मागायचा हक्क आत्ता, कुठलीही साथ नसताना, राज्याच्या कायद्यात लिहा. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्याला करता येतं. पैसा एकट्या मालकाच्या बोडक्यावर टाकू नका. थोडा मालकाचा, थोडा सरकारचा, दरवर्षी थोडा थोडा साठवत राहायचा. हे काही अशक्य नाही, बांधकाम कामगारांना २०२० मध्ये आधी २००० आणि नंतर ३००० रुपये खात्यात आले ते कशामुळं, तर त्यांचं मंडळ आहे, बांधकामावरचा १ टक्का सेस (उपकर) त्यात जमा होतो आणि नावं नोंदलेली आहेत. हमालांसाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे, मालक लेव्ही भरतो आणि मंडळ हमालाचा पगार, पीएफ बघतं. एप्रिल २०२१ च्या लॉकडाऊनला राज्यानं नोंदणीकृत फेरीवाले, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका यांना १५०० रुपये जाहीर केले, त्या यादीत यंत्रमागवाला नव्हता आणि विडीवालीही नव्हती. सोलापूरचे आमदार तेव्हा सभागृहात होते, आजही आहेत, त्यांनी हे मांडावं.

विडीवाल्यांचं वेगळंच आहे. त्यांचं काम घरी, त्यामुळं लोकांना वाटतं लॉकडाऊननं त्यांना काय फरक पडला. आमच्या ओळखीतल्या एक अक्का कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात. बंद व्हायच्या आदल्या दिवशी कारखान्यातनं पानं-तंबाखू घेऊन आल्या, सुपात घेऊन रात्रभर वळून हजार विड्या तयार केल्या, आणि सकाळी द्यायला जायचं तर रस्त्यावर पोलीस आणि कारखान्याला कुलूप. त्या विड्या ओल्या फडक्यात, कोरड्या फडक्यात, उन्हात, सावलीत असं करत जपल्या. कारखाना उघडल्यावर नेल्या तर सगळ्या छाट, म्हणजे नापास, निघाल्या. पानाचे पैसे मात्र कापले. विडी कामगारांच्या कल्याणासाठी जो सेस होता तो जीएसटी आला तेव्हा २०१७ ला बंद झाला, त्यामुळं तिकडनंही हक्कानं मागावं असं काही उरलं नाही.

जून २०२५ मध्ये जिनिव्हाला आयएलओनं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं) कामाच्या जागी होणाऱ्या जैविक धोक्यांबद्दल १९२ नंबरचा करार केला, या विषयावरचा जगातला पहिला. भारतानं त्याला मान्यता द्यावी हीसुद्धा मागणी आपल्या खासदारांनी करावी.

आणि कामगार बंधू-भगिनींना सांगतो, नेमणूकपत्र मागून घ्या. मालक सही करत नसेल तर आठवड्याच्या पगाराचा आकडा आणि तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, शक्य असेल तर पगार फोनपेवर किंवा बँकेत घ्या म्हणजे पुरावा राहतो. अक्कांच्या हाती त्यांचं विडीचं पासबुक आहे, मार्च २०२० ची हजार विड्या वळायला नेलेल्या पानांची नोंद त्यात आहे, त्याच्याखाली दोन बोटं मोकळी जागा आणि मग एकदम जूनची तारीख. त्या मोकळ्या जागेचे पैसे मिळतील का म्हणून त्यांनी मला मागच्या रविवारी परत विचारलं. कुठल्या कायद्याखाली अर्ज लिहून देऊ हे आपल्या वाचकांपैकी कुणा वकिलाला सुचत असेल तर त्यांनी आपल्या अंकातनं जरूर कळवावं, मी अर्ज लिहायला तयार आहे.

आपला,
एक जुना मस्टर कारकून,
साखर पेठ, सोलापूर